मागच्या अंगणातलं भेकर

वेणू घरत पनवेलला मुलींच्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवायची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. छप्पन साली तिला चित्रं काढण्याचा नाद लागला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, बरं झालं, जीव रमेल. नवरा बळीराम तेवढंही बोलला नाही. मिठागराच्या कामासाठी तो मुंबईला गेला आणि येताना जलरंगांची पेटी घेऊन आला.

शिकवायला हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर यूनुस मुकादम होते. रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर चार-पाच हौशी मंडळी जमत. वेणूचा हात सुरुवातीला फार आखडलेला. रंग जरा पसरला की ती फडकं घेऊन टिपायला धावे.

"बाई, पाण्याला जाऊ द्या की त्याच्या मर्जीनं," मास्तर म्हणत. "तुम्ही त्याला शाळेतल्या पोरींसारखं रांगेत उभं करता."

ती हसायची. हळूहळू ओल्या कागदावर रंग सोडून थांबायला शिकली. मग नवराबायको दुपारची पेणची एसटी पकडून कर्नाळ्याच्या पायथ्याशी जाऊ लागली. तिथं एका झऱ्यावर उन्हं कलली की भेकराची एक मादी पाण्यावर यायची. शेळीएवढी, तांबूस, हरणासारखी पाय उचलून उचलून टाकणारी. वेणू झुडपाआड बसून भराभर रेघा मारी. बळीराम तिच्यामागे बसे. एरवी त्याला विडीशिवाय चैन पडत नसे, पण तिथं तो पेटवायचा नाही, वासानं जनावर बुजेल म्हणून.

मास्तरांनीच एकदा शाडूचा गोळा तिच्यापुढे ठेवला. "कागदावर एकच बाजू दाखवली की भागतं. मातीत चारी बाजूंनी ठाऊक असायला लागतं. बघा जमतंय का."

तारेच्या सांगाड्यावर तिनं भेकर उभं केलं, पण ते काही केल्या जमेना. मागचा पाय लाकडासारखा दिसे. महिनाभर ती करी आणि मोडी. एकदा जेवताना ती वैतागून म्हणाली, "लांबून बघून काय कळणार? एकदा तरी जवळून, हात लावून बघायला मिळायला हवं होतं."

बळीरामनं मान हलवली आणि भाताचा घास घेतला.

या बोलण्याच्या आदल्या रविवारी मिठागराच्या बांधाला खांड पडून पाणी शिरलं होतं, म्हणून तो कर्नाळ्याला आला नव्हता. वेणू शाळेतल्या शकूबाईंना घेऊन गेली होती. त्या दिवशी मादीच्या मागून एक पाडस आलं. अंगावर पांढरे ठिपके, पाय अजून लटपटणारे. वेणूनं ते घरी येऊन सांगितलं नाही. आई-पिल्लाचा विषय त्या घरात दोघंही टाळत. ती मनात म्हणाली, नीट चित्र काढू आणि तेच दाखवू.

पुढच्या रविवारी ती मास्तरांकडून परतली तर बळीराम दारातच उभा होता. अंघोळ केलेली, अंगात धुतलेला सदरा.

"मागं ये. तुझ्यासाठी हाय."

मागच्या अंगणात गोणपाटावर भेकर निजवलेलं होतं. बळीरामचा चुलतभाऊ तुळशीराम याच्याकडे बंदूक होती. दोघं पहाटेच झऱ्यावर गेले होते. बळीरामनं रक्त धुऊन काढलं होतं आणि चारी पाय वेणूच्या चित्रात असत तसे मांडून ठेवले होते.

"आता पायजे तेवढा बघ," तो म्हणाला. "हात लाव. कुठं पळनार नाय आता."

त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. वेणू खाली बसली, भेकराच्या पाठीवरून हात फिरवला. पोटाजवळ बोटांना ओल लागली. दूध होतं.

"अहो, हिचं पाडस?"

"कंचा पाडस?"

तिनं सांगितलं. बळीराम मग भिंतीला टेकून खालीच बसला.

"तू मला बोलली नाय," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

मिळेल त्या गाडीनं दोघं कर्नाळ्याला गेली. झऱ्याभोवतीचं रान त्यांनी वाकून वाकून पाहिलं. करवंदीच्या जाळीत हात घालून बळीरामचे दंड रक्ताळले. चिखलात एक इवलासा खूर उमटलेला दिसला, पुढं खडक लागला. ती दोघं दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. पाडस मिळालं नाही.

वेणूनं शाडूची माती झाकून ठेवून दिली. तेव्हा बळीरामच म्हणाला, "तो पुरा कर वेणू. नायतर त्याचा जीव फुकट गेला."

तिनं पुरं केलं. बोटांना सगळं कळलं होतं. मागच्या पायाचा सांधा एका बैठकीत जमला. मास्तरांनी पुतळा फिरवून फिरवून पाहिला. "माशाल्ला, बाई! हात लावला तर पळेल हे." वेणू त्यांच्या ओटीवर हमसून रडली. मास्तरांना वाटलं, कौतुकानं भरून आलं.

त्या संध्याकाळी बळीराम चुलीपाशी येऊन बसला. "मला एकदा बोल. शिव्या दे. पन अशी गप नको राहू."

"काय बोलू?" वेणू म्हणाली. "दुसऱ्या कुणी मारलं असतं तर मी जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं. तुम्ही माझ्यासाठी केलंत. माझ्याच शब्दावरून केलंत. मी रागावू कुणावर?"

बळीरामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण जवळ ओढलं नाही.

पुतळा तिनं मास्तरांना देऊन टाकला. खाडी, होड्या, पावसातलं तळं असं ती पुढंही रंगवत राहिली. प्राणी पुन्हा काढला नाही. बळीरामनं मटण-मासळी सोडली. दोघांचा संसार चालला, भांडणं झाली, हसणंही झालं. मात्र तिच्यासाठी काहीही आणायचं असलं की बळीराम आधी विचारू लागला. गजरा आणू का, लुगडं आणू का, बाजारात तोंडली आलीत, आणू का.

"आणा की," वेणू म्हणे, आणि तो वळला की डोळ्यांना पदर लावी.