व्याख्यानातून पळालेल्या गोगलगायी

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या एका बाईंचं संशोधन गोगलगायींवर, म्हणून विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'गोगलमॅडम' म्हणत. बाईंच्या कानावर ते आलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. वर्गात त्या छान शिकवायच्या, प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेट्यांपुढे तासन्‌तास रमायच्या. पण परक्या लोकांसमोर बोलायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून टाळायच्या.

विभागप्रमुखांनी नेमकं तेच त्यांच्या गळ्यात मारलं. "मॅडम, गावच्या वाचनालयात लोकांसाठी व्याख्यान आहे. या खेपेला तुम्ही."

"सर, गोगलगायींबद्दल ऐकायला कोण येणार?"

"येतील हो," म्हणत सर चहाचा कप घेऊन सटकले.

घरी आईने आपल्या परीने धीर दिला. "अगं, काही कळलं नाही की लोक टाळ्या जास्तच वाजवतात. घाबरतेस काय?"

लोक खरंच आले. बाईंनी टेबलावर गोगलगायींची पेटी ठेवली, झटकन एक गोगलगाय काढून दाखवली, आणि मान खाली घालून कागद वाचायला लागल्या. पार्श्वभूमी झाली, उद्दिष्टं झाली. मागून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज आला. बाई वाचतच राहिल्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून किंकाळी आली. "अगं बाई! माझ्या पर्सवर काय चढतंय?"

पेटीचं झाकण नीट लागलंच नव्हतं. आणि व्याख्यान गोगलगायींनाही पळून जाता येईल इतकं लांबलं होतं.

"कुणी पाय हलवू नका!" बाई वर्गातल्या आवाजात कडाडल्या. अख्ख्या सभागृहाने पाय वर उचलले. मग बाई कागद टाकून खाली वाकल्या. एकेक गोगलगाय उचलताना ती चालते कशी, वास कशाने घेते, दात कुठे असतात, सगळं भडाभडा सांगत सुटल्या. घोरणारे गृहस्थसुद्धा खुर्चीखाली डोकं घालून शोधायला लागले.

शेवटची सापडली, तसे एक निवृत्त पोस्टमास्तर उठले. "मॅडम, मी रोज सकाळी यांना कोबीवरून वेचून भिंतीपलीकडे फेकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! त्याच परत येतात की नव्या?"

बाईंनी हातातली गोगलगाय पेटीत ठेवली. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या प्रयोगशाळेत भिंतही नाही आणि कोबीही नाही. तुमच्या बागेत शोधून काढू या का?"

पोस्टमास्तरांच्या पत्नीला हसू आवरेना. "हे घरात पाहुणा टिकू देत नाहीत आणि तुमचा वर्ग भरवणार होय!"

"या," पोस्टमास्तर गुरगुरले. "पण कोबीवर पाय द्यायचा नाही."

पुढच्या आठवड्यात बाईंचा तास त्या बागेत भरला. विद्यार्थ्यांनी गुडघे टेकून गोगलगायींच्या शंखांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. काही भिंतीपलीकडे सोडल्या, काही पार रस्त्याच्या टोकाला. फेकायच्या नाहीत, हळूच ठेवायच्या, असा बाईंचा दंडक होता. पोस्टमास्तरांनी तो तोंड वाकडं करून पाळला.

मग एके सकाळी बाईंचा फोन वाजला. "मॅडम, लाल ठिपकेवाली आली! कोबीवर बसलीये निर्लज्ज!" पोस्टमास्तरांच्या आवाजात राग कमी आणि आनंदच जास्त होता. बाई चहा तसाच टाकून धावल्या.

महिनाभर मोजणी चालली. भिंतीपलीकडच्या बऱ्याचशा परतल्या, रस्त्याच्या टोकाची एकही नाही. बाईंनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि पोस्टमास्तरांचे आभार त्यात ठळकपणे मानले.

पोस्टमास्तरांनी मात्र निष्कर्ष लगेच अमलात आणला. आता ते सकाळी फिरायला निघतात ते बादली घेऊनच, आणि रस्त्याच्या टोकाला जाऊन ती अलगद रिकामी करतात. तिकडच्या घरांतून बाईंना तक्रारीचे फोन येऊ लागले आहेत. बाई प्रत्येकाला शांतपणे एकच विचारतात, "तुमच्याकडे बाग केवढी आहे हो?"