चार बोल्टांची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. खिडकीची नव्हे, आणि मांजराने दुधात तोंड घालू नये म्हणून ठेवतात ती तर नव्हेच. शिंदखेड्याच्या रस्त्याला एक जिनिंग आहे. तिथे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनचा पट्टा दिवसभर फिरत असतो. त्या पट्ट्याची आणि माणसाच्या हाताची भेट होऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम.

धुळ्याच्या वना मिस्त्रींनी मला घडवलं. वेल्डिंग थंड झाल्यावर त्यांनी माझ्या एकेका भोकात बोट घालून पाहिलं. जिथे बोट आत गेलं तिथे आणखी एक सळई टाकली. इतक्या मायेने मला पुन्हा कोणी हात लावला नाही. फिरत्या पट्ट्यावर माझ्यासारखी जाळी हवीच, असं कायद्यात लिहिलं आहे हे कळलं, तेव्हा मी फार फुशारले होते. नवी सून माहेरचं नाव सांगते ना, तशी.

पण सासर कळायला वेळ लागत नाही. माझ्या खाली रुईचा भुगा साचायचा. तो काढायचा तर मशीन बंद करा, माझे चार बोल्ट सोडा, झाडा, परत आवळा. मालक नवलशेठ यांना मशीन थांबलेली बघवत नसे. म्हणून मला काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं आणि बायका चालत्या पट्ट्याखालून झाडू फिरवू लागल्या. तपासणीचे साहेब येणार हे शेठला आधीच कसं कळायचं, देव जाणे. त्या दिवशी मला पिवळा रंग फासून जागेवर बसवत. साहेब गेले की मी परत खिळ्यावर. पाहुण्यांपुरता शेजारचा टी-सेट मागून आणावा, तशी माझी गत.

युनियनचे पुढारी तोताराम आबा गेटवर भाषण करताना माझं नाव सर्वांत आधी घ्यायचे. शेठच्या केबिनमध्ये बसले की ते सर्वांत शेवटी यायचं, आणि तोवर चहा आलेला असायचा. तरी एका वर्षी संपाची वेळ आली तेव्हा शेठ नमले आणि मी खरोखर जागेवर बसले. तो हंगाम माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. मशीनवरची बेबाबाई सकाळी काम सुरू करण्याआधी माझ्यावरची धूळ पुसायची आणि म्हणायची, “बस माय, आते तू शे तं चिंता नही.”

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशीन धुऊन तिची पूजा करतात. फिटर अभिमनभाऊंनी धुण्यासाठी मला काढलं. सगळ्यांनी मशीनला झेंडूच्या माळा घातल्या. मलाही भिंतीवरच कुंकू लावलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाड्या दारात उभ्या होत्या. अभिमनभाऊ पाना घेऊन माझ्याकडे येत होते, पण शेठ म्हणाले, आधी मशीन चालू कर, जाळीचं मग बघू.

मशीन फिरली तशी एक माळ घसरत पट्ट्याकडे जाऊ लागली. देवाची माळ पायदळी कशी येऊ द्यायची, म्हणून बेबाबाईने हात घातला.

पुढचं मी सांगत नाही. मी समोरच होते, कुंकू लावून.

तिला नेणारी गाडी धुळ्याला पोचलीही नसेल, तोवर अभिमनभाऊ मला जागेवर बसवत होते. बोल्ट पुन्हा पुन्हा त्यांच्या हातातून खाली पडत होता. मग कुंकवावरून पिवळा रंग फिरला.

कायद्यात आणखी एक ओळ आहे, ती मला तेव्हा कळली. कामगाराने जाळी मुद्दाम स्वतः काढली आणि त्यामुळे हात गेला, तर भरपाई नाही. शेठने तीच ओळ धरली. बेबाबाईनेच जाळी काढली, असं सगळ्यांनी सांगायचं ठरलं. त्या बदल्यात ठेक्यावरच्या बायकांना कायम करू, असा शब्द त्यांनी आबांना दिला. आबांनी बायकांना गोळा केलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, खोटं का सांगू.

“हात तं गया तिना,” ते म्हणाले. “आते तुमनं बठ्ठासनं पोट तरी वाचू द्या.”

चौकशीत अभिमनभाऊ खाली मान घालून म्हणाले, बाईनेच काढली. बेबाबाई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “मी तं फक्त देवनी माळ काढी, साहेब. जाळी भीतवर टांगेल व्हती.” साहेबांनी इतरांकडे पाहिलं. तिच्या शेजारी काम करणारी सुंदरबाई पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. भरपाई मिळाली नाही.

आणि बायका कायम झाल्या का? पुढच्या वर्षी, असं शेठ म्हणाले.

पुढचं वर्ष आलं. गाड्यांची रांग लागली आणि मला परत खिळ्यावर टांगलं. त्या सकाळी सुंदरबाई मशीनपुढे जमिनीवर बसली. तिचं बघून बाकीच्याही बसल्या. शेठ ओरडून थकले, मग आबांना बोलावलं. आबा समजावू लागले की गाड्या खोळंबल्यात, हंगाम जाईल, उठा.

सुंदरबाईने आवाज चढवला नाही. “आबा, पोट तुम्ही वाचाडं,” ती म्हणाली. “हात आमना आम्ही वाचाडसूत.”

शेठनी दारातल्या गाड्यांकडे पाहिलं. मग त्यांनी अभिमनभाऊंना खूण केली आणि ते पाना घेऊन माझ्याकडे आले.

बेबाबाई आता डाव्या हाताने भाकरी थापते. कडा जाड राहतात म्हणे. माझ्या पिवळ्या रंगाखाली तिच्या वेळचं कुंकू अजून आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुठल्या कारखान्यात गेलात, मजूर म्हणून जा की मालक म्हणून, तर माझ्या जातीच्या जाळीला फुलं वाहू नका. फक्त तिचे बोल्ट हलवून बघा.

सुंदरबाई बोलली त्या दिवशी मला बसवायला किती वेळ लागला, सांगू? शेठच्या टेबलावरचा चहा अजून गरम होता.