पहिली दहा मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नाही. माझ्यावर कुणी पाढे लिहिले नाहीत की व्रात्य मुलांची नावे टांगली नाहीत. मी एका सिनेमागृहाच्या दारात उभा असायचो आणि माझ्यावर सिनेमांविषयी लिहिले जायचे. गंमत अशी की मी आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नाही.

मला एका सुताराने बनवले, तेही उरल्यासुरल्या लाकडातून. खुर्च्यांच्या पाठी करून दोन फळ्या शिल्लक राहिल्या होत्या. त्या त्याने एकमेकींना जोडल्या, वर काळा रंग फासला आणि मागे दोन पाय ठोकले. जोड काही नीट बसला नाही. माझ्या पोटावरून एक आडवी फट गेली ती कायमचीच. मॅनेजरने ती बोटाने चाचपून पाहिली, तेव्हा सुतार म्हणाला, "साहेब, फळाच आहे तो. त्याला काय लग्नाला उभं करायचंय?"

बरीच वर्षे माझ्यावर 'आज हाउसफुल्ल' एवढेच लिहिले जात असे, आणि तेही क्वचित. माझे खरे आयुष्य सुरू झाले चित्रपट महोत्सवामुळे. दर हिवाळ्यात आठ दिवस आमच्याकडे देशोदेशीचे सिनेमे येत. लोक हातात पुस्तिका घेऊन दारात उभे राहत आणि गोंधळून जात. सिनेमांची नावे उच्चारताना जीभ अडखळायची, आणि पुस्तिकेत तर प्रत्येकच सिनेमा 'अविस्मरणीय' असायचा. मग ते दारावर तिकिटे फाडणाऱ्या काकांना विचारत, "काका, खरं सांगा, यातला बघण्यासारखा कुठला?"

उत्तरे देऊन देऊन काकांचा घसा बसला. तिसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "अहो, त्या फळ्यावर लिहून टाका ना एकदाचं."

प्रत्येक सिनेमाचे दोन खेळ असत. पहिला खेळ काका पाहत आणि दुसऱ्या खेळासाठी माझ्यावर शिफारस लिहीत. त्यांचे अक्षर मोठे आणि गोल होते. फटीपाशी आले की ते खडू उचलत आणि पलीकडे पुन्हा टेकवत, जणू डबके ओलांडत आहेत. त्यांच्या काही ओळी मला आजही आठवतात. 'एक म्हातारा कुंपण बांधतो. बाकी काही होत नाही. चुकवू नका.' 'दोन बहिणी, एक घर. पडद्यावर कुणी रडत नाही. ते काम आपल्याला करावे लागते.' 'बर्फ फार आहे. स्वेटर आणा.' 'याला मोठे बक्षीस मिळाले आहे. तरीही बरा आहे.'

आणि प्रत्येक शिफारशीखाली बारीक अक्षरात, कंसात, एकच वाक्य असे: '(सुरुवात पाहिलेली नाही)'.

कारण साधे होते. सिनेमा सुरू झाला तरी उशिरा येणाऱ्यांसाठी दार दहा मिनिटे उघडे ठेवावे लागे. ते लावून, दाराच्या आतल्या पडद्याआड उभे राहून काका उरलेला सिनेमा पाहत. एकेका वर्षाचे वीस सिनेमे, पण त्यांतल्या एकाचीही पहिली दहा मिनिटे त्यांनी पाहिली नव्हती. जे पाहिले नाही ते लिहायचे नाही, आणि नाही पाहिले हे लपवायचेही नाही, असा त्यांचा बाणा. लोक त्यांना प्रेमाने 'सुरुवात-नाही काका' म्हणू लागले.

यावर तोड काढली त्यांच्या मुलीने. ती तेव्हा सात वर्षांची असेल. घरी सांभाळायला कुणी नव्हते, म्हणून काका तिला सोबत आणत आणि शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसवत. तिला काम दिलेले होते, सुरुवात लक्षात ठेवायची. खेळ सुटला की काका ओल्या फडक्याने मला पुसत आणि ती माझ्या पायाशी बसून सांगू लागे.

"बाबा, ती बाई विहिरीवर येते ना, तर तिची बादली आत पडते."

"थांब, थांब. बादली तिचीच का?"

"मग कुणाची?"

"बघा! आणि मी दीड तास विचार करतोय की दुसऱ्याच्या बादलीसाठी ही एवढी का रडते. ठमे, तू नसतीस तर मी त्या बाईला येडी ठरवलं असतं."

मग कंसात जुन्या वाक्याऐवजी ते लिहीत, '(सुरुवात मुलीने पाहिली आहे)'. तेव्हा लोक माझ्यापुढे गर्दी करत. माझ्यावरून वेळा उतरवून घेत. बाहेर पडताना कुणी माझ्या कडेवर थाप मारून म्हणे, "बरोबर लिहिलं होतं हं!" मित्रांनो, त्या थापेने माझी फटसुद्धा सुखावत असे.

मुली मोठ्या होतात. तीही झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. काकांनी काही वर्षे बाहेर पडणाऱ्यांना विचारून पाहिले, "सुरुवातीला काय होतं हो?" पण शेवट सगळ्यांच्या लक्षात असायचा. सुरुवात कुणालाच धड आठवत नसे. कंसातले जुने वाक्य परत आले.

पुढे सिनेमागृहाचे नूतनीकरण झाले. गाड्या लावायच्या जागेकडून आणखी एक दार निघाले. महोत्सवाची सूत्रे नव्या मंडळींकडे गेली आणि दारात चकचकीत डिजिटल पडदा बसला. त्यांच्यातली एक जण काकांना म्हणाली, "काका, आता फळ्याची गरज नाही. पडद्यावर प्रत्येक सिनेमाला स्टार दिसतात. पाचपैकी."

"बरं. आणि ज्याने सुरुवात पाहिली नाही, त्याने किती द्यायचे?"

ती हसली. मला मात्र हलवले गेले. मी स्वच्छतागृहाच्या वाटेवर आलो आणि माझ्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगाने ठसठशीत बाण काढून ठेवला. काका तरीही रोज मला पुसत आणि बाणाखाली उरलेल्या जागेत दोन ओळी लिहीत. तिथे वाचायला कोण थांबणार? ज्याला थांबायला वेळ असेल तो त्या वाटेने कशाला येईल?

मग काका निवृत्त झाले. त्या हिवाळ्यात ते महोत्सवाला प्रथमच प्रेक्षक म्हणून आले. हातात दोन कागदी तिकिटे होती. झाडलोट करणाऱ्या मावशींना त्यांनी ती उलटसुलट करून दाखवली.

"बुधवार, साडेतीन. लेक येतेय. यंदा शेजारी बसून, अगदी सुरुवातीपासून!"

"हात कशाला दाबताय छातीवर?"

"काही नाही हो. जिने चढलो ना."

त्या बुधवारी काका तीन वाजताच आले. माझ्या जागेवरून मोठे दार तिरपे दिसते. नवा शर्ट होता, भांग पाडलेला होता. साडेतीन वाजले, घंटा झाली. तिकिटे तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही बसा आत. त्या आल्या की मी पाठवते."

"नको, नको. दोघं एकदमच जाऊ."

दहा मिनिटे झाली. दार लागले. काकांनी फोन लावला. "बंद येतोय. म्हणजे प्रवासात असेल," ते स्वतःशीच म्हणाले आणि स्टुलावर बसले. पाऊण तास झाला, एक तास झाला. आतून काही ऐकू आले की ते मान तिकडे करत आणि पुन्हा रस्त्याकडे पाहत. आपण आत जावे असे त्यांना एकदाही वाटलेले मला दिसले नाही.

खेळ सुटला. लोक बाहेर पडले आणि त्यांच्यात ती होती.

"बाबा! तुम्ही आत का नाही आलात?"

काका उभे राहिले. "तू आत होतीस? कधीपासून?"

"सुरुवातीपासून! गाडीने मागच्या दाराशी सोडलं, तिकिटांची प्रत फोनवर होती. उशीर होत होता म्हणून धावत जाऊन आपल्या कडेच्या खुर्चीवर बसले. शेजारची तुमच्यासाठी धरून ठेवली. म्हटलं, बाबा दहा मिनिटांनी येतीलच."

"अगं ठमे, मी रिटायर झालो ना."

तिने कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाली, "विसरलेच. मग वाटलं, पडद्याआड उभे असाल. मागे बघितलं तर अंधार."

"आणि फोन बंद."

"सिनेमागृहात फोन बंद ठेवायचा, हे कुणी शिकवलं?"

काका हसले. खरोखर हसले. "चल, सांग सुरुवात."

ती माझ्यापाशीच भिंतीला टेकली. "एक रिकामं स्वयंपाकघर. किटली उकळतेय. कुणीच येत नाही. वाफेने खिडकी पांढरी होते. पाणी आटत जातं, आवाज बदलतो. मग कडेने एक हात येतो आणि गॅस बंद करतो."

"किती वेळ हे?"

"पाच-सहा मिनिटं तरी. दोघं उठून गेले."

"गाढव आहेत. हात कुणाचा?"

"सांगू?"

"खबरदार! दुसरा खेळ रविवारी आहे. मी बघेन. तूही थांब ना."

"बाबा, उद्या ऑफिस आहे. तुम्ही बघा आणि मला फोन करा. मग बोलू."

तिला वाहनात बसवून काका परत आले. त्यांनी मला पुसले आणि बाणाखालच्या जागेत बराच वेळ घेऊन लिहिले. ते काय होते, ते मी तुम्हाला सांगतो, कारण आता ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.

'रविवारी अकरा. स्वयंपाकघर, किटली, एक हात. माझ्या मुलीने पाहिलेली ही सगळ्यांत चांगली सुरुवात आहे. ती विसरली म्हणून वाईट वाटून घेते. घेऊ नये. (शेवट पाहिलेला नाही)'.

शनिवारी सकाळी काका गेले. घरीच, चहा ठेवताना. दुपारी मावशींना कळले, तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी बादली आणली आणि मला पुसून काढले. फटीतला खडूही त्यांनी फडक्याच्या टोकाने काढला. रविवारचा खेळ वेळेवर झाला. दोन माणसे माझ्यासमोरून गेली. एक म्हणत होता, "तो हात कुणाचा हे कळलं ना, तेव्हा मला..." आणि त्यांच्यामागे स्वच्छतागृहाचे दार बंद झाले.

दोन आठवड्यांनी मुलगी मला न्यायला आली. माझ्यापुढे वाकून तिने बाणाखालची जागा पाहिली, मग बोट फिरवून पाहिले.

"मावशी, बाबांनी त्या दिवशी इथे काही लिहिलं होतं का?"

"लिहिलं होतं की. चांगल्या चार ओळी."

"मग?"

"रोज पुसायचे ना ते. कुणीतरी पुसायला नको का? म्हणून मीच पुसला. बघा, कसा स्वच्छ आहे."

"काय लिहिलं होतं?"

"मला कुठे वाचता येतं, बाई?"

मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत," ती म्हणाली. मी तिथेच होतो, मित्रांनो. त्या चारही ओळी मला पाठ होत्या. पण फळ्यावर जे लिहावे तेवढेच तो बोलतो.

आता मी तिच्या घरी दारामागे असतो. तिने नवा खडू आणला होता. तो माझ्या पायाशी अख्खा पडून आहे. कधीतरी ती माझ्यापुढे बसते आणि हळू आवाजात तो सिनेमा सांगू लागते. स्वयंपाकघर, खिडकी, आटणारे पाणी, हात. हातापाशी आली की थांबते. तो कुणाचा, हे तिने अजून मलाही सांगितलेले नाही.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. कुठलाही फळा पुसण्याआधी तो कुणाला तरी वाचायला सांगा. आणि आत जाऊन बसण्याआधी एकदा पुढच्या दाराशी जाऊन बघा. तिथे हातात दोन तिकिटे घेऊन कुणी उभे असेल.

माझ्या बाबतीत आता दोन्हींचा उपयोग नाही.