तेवीस जणांनी पाहिलेली यादी

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात एका लोखंडी कपाटावर, घरातल्या बाळाला, राजसला, लहान झालेल्या झबल्यांच्या गाठोड्याशेजारी माझी जागा आहे. माझा कारखाना मला आठवत नाही. आठवते ती सदर बाजारातल्या दुकानाची काच, आणि नुकतीच कॉलेजात गेलेली अस्मिता. तिने मला दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी नेलं.

तिचं सारं शिक्षण माझ्यावर झालं. डेटाबेस म्हणजे कप्पे पाडून ठेवलेली मोठी यादी, एवढं तुम्ही समजा. शिकताना ती अडली की एका ऑनलाइन मंचावर प्रश्न टाकायची. तिथे कधी न भेटलेली माणसं एकमेकांच्या गाठी सोडवून देतात. पुढे तीही नवख्यांना उत्तरं देऊ लागली.

राजस झाल्यावर तिने लहान मुलांच्या एका दवाखान्याचं काम घरून घेतलं. चारशे बारा लेकरांची नावं, आयांचे फोन, पत्ते आणि पुढच्या लसीची तारीख. तारीख जवळ आली की आईच्या फोनवर आपोआप बोलावणं जायचं. दर शनिवारी अस्मिता त्या यादीची एक प्रत माझ्यात वेगळी ठेवायची. "तू आहेस म्हणून मी निवांत आहे," असं एकदा मला म्हणाली होती. यंत्राला कौतुक कळत नाही म्हणतात. मला कळलं होतं.

मग माझी बॅटरी थकली. वायर काढली की मी विझायचो. घरात नवा लॅपटॉप आला, मी कपाटावर गेलो. यादी नव्यात गेली, शनिवारची सवय मात्र वाटेतच राहिली. दीड महिना झाला, माझ्यावर धूळ बसली, आणि मला रविवारी भंगार नेणाऱ्या कबाडीवाल्या भैयाला द्यायचं ठरलं. माझ्या पोटात लेकरांची यादी आहे, हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

आदल्या दिवशीची, शनिवारची दुपार. समृद्धी नावाच्या मुलीला ताप होता, तिची लस तीन आठवडे पुढे ढकलायची होती. राजस मांडीवर चुळबुळ करत होता. अस्मिताने तारीख बदलण्याची आज्ञा लिहिली, पण 'फक्त समृद्धीसाठी' ही अट लिहायची राहिली. यंत्र उलटून विचारत नाही. चारशे बारा लेकरांना एकच तारीख लागली.

अस्मिताची सासू सत्यवतीबाई चहा घेऊन आल्या. "काहून अशी बसून राहिली? चहा थंडा झाला."

"आई, सगळ्या लेकरांची लस एकाच दिवशी झाली. तीन आठवड्यांनी."

"एकाच दिवशी? मग डॉक्टरला मांडवच टाकावा लागंल."

अस्मिता हसली नाही. "तोवर कोणालाच बोलावणं जाणार नाही. ज्याची लस परवा आहे त्याची राहून जाईल, आणि त्याच्या आईला कळणारही नाही."

तिने घाईघाईने मंचावर प्रश्न टाकला. त्या मंचाची एक रीत आहे. खरी यादी दाखवायची नाही. खोट्या नावांच्या चार ओळी रचायच्या आणि त्यावरून अडचण सांगायची. ही रीत अस्मितानेच कितीतरी नवख्यांना शिकवली होती. त्या दुपारी तिने खरी यादी जशीच्या तशी चिकटवली, नावं, फोन, पत्त्यांसकट.

अर्ध्या तासाने देवदत्त नावाच्या कोणा माणसाचं उत्तर आलं. नावावरून ती मराठी आहे हे ओळखून त्याने मराठीतच लिहिलं होतं. "ताई, आधी ती यादी काढा. बाकी नंतर."

तिने लगेच यादी पुसली. प्रश्न किती जणांनी उघडला तो आकडा खाली दिसत होता. तेवीस. त्या यादीत राजसचंही नाव होतं.

देवदत्तने पुन्हा लिहिलं, "अट विसरलात ना? मी पण विसरलो होतो एकदा, एका अख्ख्या कॉलेजला नापास केलं होतं. जुनी प्रत आहे का कुठे? आणि दवाखान्यात सांगितलं का?"

अस्मिताने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

स्टुलावर चढून तिने मला उतरवलं, पदराने पुसलं, वायर जोडली. मी हळूहळू उजळलो. प्रत होती. देवदत्तने एकेक पायरी सांगितली, तिने तशी केली. तीनशे एकावन्न लेकरांना आपापल्या तारखा परत मिळाल्या. त्या दीड महिन्यात दवाखान्यात येऊन गेलेल्या एकसष्ट जणांच्या नव्या तारखा मात्र माझ्याजवळ नव्हत्या.

मग तिने दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि दोन्ही चुका सांगितल्या. "कार्डं आयांजवळ आहेत," त्या म्हणाल्या. "आज एकसष्ट जणींना फोन करून तारखा विचार. यादी बाहेर गेल्याचं चारशेही घरी सांगावं लागेल. ते आपण दोघी मिळून सांगू."

संध्याकाळपर्यंत अठ्ठावन्न तारखा मिळाल्या. तिघींनी फोन उचलला नाही. त्यांच्या घरी सकाळी जायचं ठरलं. तारीख विचारून झाली की प्रत्येकीला ती यादीचंही सांगत होती. बहुतेकजणी "कोई बात नहीं, दीदी" म्हणाल्या. समृद्धीची आई लतिका मात्र म्हणाली, "तारीख का ठीक है. पर मेरी बेटी का नाम-पता किसने देखा?"

"मालूम नहीं," अस्मिता म्हणाली.

त्याच मंचावर तिने आपल्या नावानिशी सगळं लिहून ठेवलं. काय चुकलं, काय केल्याने सुधारलं, आणि काय सुधारलं नाही.

रविवारी कबाडीवाल्याने हाक दिली. सत्यवतीबाई दारात गेल्या. "अभी नहीं, भैया. इसमें बच्चे हैं." तो गोंधळून बघतच राहिला.

मित्रांनो, मदत मागायला लाजू नका. देवदत्तसारखी माणसं आहेत. पण दुसऱ्यांची लेकरं तुमच्या हाती असतील, तर हाक मारण्याआधी त्यांच्या नावा-पत्त्यांवर पदर घाला. माझ्यात ठेवलेलं मी परत दिलं. त्या तेवीस जणांपर्यंत गेलेलं मला परत आणता येत नाही. अस्मिता आता दर शनिवारी मला उघडते, प्रत ठेवते, आणि मंचावर काही टाकण्याआधी त्यात कोणाचं खरं नाव नाही ना, हे दोनदा तपासते.