गाळलेले धक्के

शुक्रवार उजाडला की माझं डोकं दुखायला लागतं. त्या दिवशी दुपारी आमच्या कार्यालयातून आकडा बाहेर पडतो. पुढच्या सात दिवसांत आमच्या भागात घरं पाडील असा धक्का बसण्याची शक्यता किती, तो आकडा. तो मी काढते. आणि तो बाहेर पडला की लोक मला एकच प्रश्न विचारतात, म्हणजे होणार की नाही?

सुरुवातीला मी हौसेने समजावून सांगायची. मोठा धक्का कधी बसेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण छोटे धक्के सतत बसत असतात, बहुतेक तर जाणवतही नाहीत. ते कुठे बसले, किती दाटीने बसले, एकामागून एक किती आले, हे घेऊन गणित मांडलं की मोठ्याची शक्यता वाढली की घटली एवढं कळतं. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "ते बरोबर आहे हो. पण होणार का?" शेवटी माझी हौस फिटली. आता मी आकडा देते आणि गप्प बसते. आमच्या इमारतीत मला भूकंपबाई म्हणतात. लिफ्ट अडकली तरी माझ्याकडे संशयाने बघतात.

शुक्रवारी सकाळी ताईचा फोन ठरलेला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती आणि भावोजी कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत राहतात आणि आई त्यांच्याकडे असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई खाटेवरच आहे. घर कंपनीने बांधलेलं, विटांचं, वर जड स्लॅब. बांधणाऱ्याने भूकंपाचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. शेवटची मी तिथे कधी गेले होते ते विचारू नका.

ताई विचारायची, "गेल्या आठवड्याचा आकडा काय होता गं?" मी म्हणायची, "नेहमीचाच. हजारात एक." मग ती फोन आईकडे द्यायची आणि आई म्हणायची, "माझी खाट हलते गं."

"खाणीत सुरुंग लावतात ना आई, त्याने हलते."

"हे वेगळं आहे."

"बरं. जेवलीस का?"

असं बरेच महिने चाललं होतं. ताईने डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी वयामुळे भास होतात म्हणून एक गोळी लिहून दिली. आई गोळी घ्यायची आणि तरी खाट हलते म्हणायची.

त्या शुक्रवारी ताईचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला होता. "काय सांगू, हा माणूस दिवसभर घरात. स्वयंपाकघरातले डबे तीनदा लावून झाले. मला मीठ सापडत नाही."

"भावोजींना सुट्टी आहे?"

"सुट्टी कसली? खाण बंद झाल्यापासून घरीच आहेत. तुला सांगितलं होतं की!"

सांगितलं होतं. खाणीत पाणी फार झालं, कंपनीने पंप काढून घेतले आणि कुलूप ठोकलं, हे ताईने मला सविस्तर सांगितलं होतं. मी "अरेरे" म्हटलं होतं. आता घर कसं चालणार, असंही विचारलं होतं. म्हणजे बहीण म्हणून मला ते ठाऊक होतं. आकडा काढणारी बाई म्हणून नव्हतं. एकाच डोक्यात राहून या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

खाण बंद, म्हणजे सुरुंगही बंद. आणि आमची चाळणी तर अजून चालूच होती. "ताई, मी ठेवते," म्हटलं आणि ठेवला.

ही चाळणी म्हणजे काय प्रकार आहे ते आता सांगते. जमिनीखाली सुरुंग उडाला की आमच्या यंत्रांना तो लहानशा भूकंपासारखाच दिसतो. ते सुरुंग यादीत आले तर गणिताचं वाटोळं होतं. म्हणून आम्ही खाणीभोवती नकाशावर एक वर्तुळ काढलं आणि संगणकाला सांगितलं, या वर्तुळातला उथळ, बारीक धक्का दिसला की गाळून टाक. खाण तिन्ही पाळ्यांत चालायची, त्यामुळे दिवस की रात्र तेही बघायचं नाही. चाळणी इतकी छान चालली की बैठकीत टाळ्या वाजल्या होत्या. पुढे खाण बंद पडली. चाळणीला ते कुणी सांगितलंच नाही.

मी चाळणी काढली आणि नकाशा पुन्हा मांडला. वर्तुळ एरवी कोरं करकरीत असायचं. आता ते ठिपक्यांनी भरून गेलं, आणि आठवड्यागणिक ठिपके वाढतच गेलेले दिसत होते. सोडून दिलेल्या खाणीत पाणी भरतं, ते खडकाच्या फटींत शिरतं आणि खडक सरकायला लागतो, हे आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. मी स्वतः शिकवलंय. ठिपक्यांच्या मधोमध ताईचं घर होतं आणि त्यात आईची खाट.

गणित पुन्हा चालवलं. हजारात एकाचे शंभरात तीन झाले. दोनदा तपासलं, तीनच आले.

साहेबांकडे गेले. साहेब निवृत्तीला टेकलेले आहेत आणि त्यांना आता कशाचाच धक्का बसत नाही, असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळत बसले.

"म्हणजे खाण बंद झाल्यापासून आपण देत आलो ते आकडे..."

"चुकीचे होते."

"आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही."

"नाही."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "शंभरात तीन. अर्धे लोक म्हणतील, आता येणारच. उरलेले म्हणतील, सत्त्याण्णव वेळा काही होत नाही, झोपा निवांत. मधे कुणी थांबणार नाही."

"आधीचे आकडे चुकले होते हे खाली लिहू का?"

"खाली नको. पहिल्या ओळीत लिहा. शेवटी लिहिलं तर लपवलं म्हणतील." त्यांनी सही केली. मी जागची हलले नाही, तसं त्यांनी वर पाहिलं.

"साहेब, माझी आई त्या वर्तुळात राहते."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आकडा बाहेर पडेपर्यंत घरी फोन करायचा नाही. तुम्हीच नव्या मुलांना शिकवता ना?"

मीच शिकवते. आपल्या माणसांना आधी आणि जगाला नंतर, असं करायचं नाही. मजकूर टाइप होऊन, तपासून, वरून मंजूर होऊन यायला दुपार उलटली. तेवढ्यात माझा फोन चार-पाच वेळा वाजला. ताईच होती. मी टेबलावर थरथरणाऱ्या फोनकडे नुसती बघत बसले. नियम करणाऱ्यांचा आणि पाळणाऱ्यांचा, म्हणजे माझाच, इतका राग मला कधी आला नव्हता.

आकडा बाहेर पडला आणि मी फोन लावला. तोवर ताईने बातमी ऐकली होती.

"फोन का उचलत नव्हतीस?"

"उचलता येत नव्हता."

"बरं ते जाऊ दे. आईला हलवू का?"

माझं याचंही गणित मनात मांडून झालं होतं. शंभरात तीन वेळा मोठा धक्का. त्यात ते घर पडेल याची खात्री नाही, पडलं तर आई वाचणार नाही याची जवळजवळ खात्री. दुसरीकडे, मोडलेल्या खुब्याची बाई गाडीत घालून, खड्ड्यांतून शहरात आणायची. मागच्या वेळी नेलं तेव्हा ती वाटभर ओरडत होती आणि पुढे कितीतरी दिवस तापाने फणफणली होती. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं करू नका. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. गणिताने हात वर केले होते.

"मला सांगता येत नाही, ताई."

"तुझी आई आहे ती! लोकांचं सोड, आपल्या आईचं सांग."

"आईचंही सांगता येत नाही."

ताई म्हणाली, "मग इतकी वर्षं तू करतेस तरी काय?" हे तिने रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. ती नुसती दमलेली होती. मीही होते. मी म्हटलं, "उद्या येते."

आई होती त्याहून लहान झालेली दिसली. खाटेवर तिने फारशी जागाच घेतली नव्हती. मला बघून म्हणाली, "भूकंप येणार म्हणून आलीस?"

"का? मी अशी येऊ शकत नाही?"

"आजवर आली नाहीस ना, म्हणून विचारलं."

मी खाटेच्या कडेला बसले. "आई, तुझी खाट खरंच हलत होती."

तिने उशीवरून मान उचलली.

"खाण बंद आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुला जाणवायचे ते धक्के आमच्या यंत्रांनाही कळत होते. आम्हीच ते खाणीचे समजून काढून टाकत होतो."

आईने एवढ्या मोठ्याने हाक मारली की मला वाटलं, हिला झालं काय! "अगं ए, इकडे ये आधी! ही काय म्हणते ते ऐक." ताई आली. मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. मग भावोजींना बोलावलं, त्यांच्यासमोर पुन्हा. मग शेजारीण डोकावली, तिलाही सोडलं नाही. चौथ्यांदा "आमची चूक झाली" म्हणताना मला घाम फुटला होता, आणि आई उशीला टेकून प्रत्येक शब्द चवीने ऐकत होती.

"आता ती गोळी बंद," तिने फर्मान काढलं.

शहरात यायला मात्र तिने साफ नकार दिला. गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणाली. मी घरभर फिरले. मागच्या अंगणात भावोजींची पत्र्याची शेड होती, बांबूंवर उभी, आत सायकल आणि सतरा प्रकारचं सामान. पत्रा पडला तर लागेल, जीव घेणार नाही. मी म्हटलं, "भावोजी, आईची खाट इथे येईल?"

भावोजींच्या अंगात कितीतरी महिन्यांनी वारं शिरलं. त्यांनी सामान उपसलं, जमीन धुतली, फटींना पोती लावली, दिवा ओढून आणला. शेजारच्या खाणकामगारांना हाका मारल्या, आणि चौघांनी आईला खाटेसकट उचलून अंगणातून शेडमध्ये नेलं. आई सगळा वेळ सूचना देत होती. डावीकडे, अरे डावीकडे! तिला फारसं दुखलं नाही. मला हे फोनवर सुचलं असतं का? नसतं. शेड आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

मी रजा टाकली, शुक्रवारचा आकडा तेवढा इथूनच पाठवीन असं साहेबांना कळवलं आणि तिच्या शेजारी चटई पसरली. शुक्रवारपर्यंत राहायचं, आकडा काय म्हणतो ते बघायचं आणि मग ठरवायचं, असं मी ताईला सांगितलं. ते आईनेही ऐकलं.

ते दिवस कसे गेले सांगता येत नाही. मी तिचे केस विंचरले, तिच्या पायांना तेल लावलं, तिचं जुनंपुराणं बोलणं ऐकलं. मधेच कधीतरी खाटेचा पाय किंचित करकरायचा आणि आई माझ्याआधी बोट वर करायची. मी लॅपटॉप उघडून बघायची.

"लागला का यादीत?"

"लागला."

"गाळला नाही ना?"

"नाही गं."

मग ती समाधानाने डोळे मिटायची. मोठा धक्का आला नाही. करकर मात्र विरळ होत गेली. खालचं पाणी कुठेतरी थांबलं असावं, किंवा खडकाने जागा धरली असावी. का ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगायचा आता मला कंटाळा आला आहे.

शुक्रवारी सकाळी मी शेडमध्येच बसून गणित चालवलं. ताई चहा घेऊन दारात उभी राहिली. "किती?"

गेल्या शुक्रवारी पाळलेला नियम या वेळी मी मोडला. "उतरला. हजारात चार."

"सुटलो बाई!" ती मटकन स्टुलावर बसली. "मग आता?"

"आईला एवढ्यात आत नेऊ नका. इथेच राहू दे. बाकी... बरं आहे."

भावोजींना सांगायला ताई आत गेली. आई माझ्या पडद्याकडे बघत होती. तिथे आकड्यांशिवाय काही नव्हतं.

"हजारात चार म्हणजे कमी झाला का गं?"

"खूप कमी झाला, आई."

"म्हणजे तू जाणार."

मी लॅपटॉपच्या कडेवरची धूळ पुसायला लागले. तिने हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला. हाताला वजनच नव्हतं.

"तूच काढतेस ना तो आकडा? मग राहू दे की थोडे दिवस वरच."

"ते माझ्या हातात नसतं, आई," मी म्हणाले. हे वाक्य मी उभ्या जन्मात कितीदा म्हटलं असेल. लोकांना, वार्ताहरांना, ताईला. त्या सकाळी ते म्हणताना मला तिच्याकडे बघवेना. मी मान खाली घालून आकडा होता तसाच पाठवून दिला. तिने हात काढला नव्हता, म्हणून दुसऱ्याच हाताने पाठवला.