सरळ पंधरा इंच

काका फ्रेमवाले. फोटो, पदव्या, आरसे, समोर येईल त्याला चौकट ठोकायची, हा तीस वर्षांचा धंदा. या तीस वर्षांत आपलं कधी चुकलं असेल, हा विचार त्या माणसाच्या डोक्याला शिवलासुद्धा नव्हता. पुतणीला लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तेव्हा बोटीवर नोकरीला असलेल्या तिच्या बाबांनी फोनवर सांगितलं, "काका येईल बरोबर. त्याला मापातलं कळतं." झालं! पुतणीने तिथेच कपाळावर हात मारला.

ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षा चाळीस दिवसांवर, आणि घर म्हणजे दोन खोल्या: पुढच्या खोलीत काकांची करवत, मागच्या खोलीत त्या करवतीचा भुसा. इथे अभ्यास होणं शक्यच नव्हतं. दोन बस बदलून लायब्ररी गाठायची, तिथल्या वीतभर टेबलावर बसायचं आणि येता-जाता मांडीवर ठेवून लेक्चर बघायचं, असा तिचा बेत. त्याला चौदा इंची, हलका लॅपटॉप हवा. तिने तेवढा पुठ्ठा कापून बॅगेत घालूनही बघितला होता. एवढी अक्कल त्या घरात फक्त तिलाच होती.

दुकानात शिरताच काकांनी खिशातून टेप काढला, चौदा इंचीच्या स्क्रीनवर आडवा लावला आणि दुकानातल्या मुलीकडे चोर पकडल्यासारखं बघितलं.

"चौदा म्हणता. बारा भरतोय."

"स्क्रीन तिरकी मोजतात, काका," ती मुलगी म्हणाली. "या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"तिरकी? मी गिऱ्हाइकाला तिरकं मोजून फ्रेम दिली तर तो मला सोलून काढेल."

"सगळ्या कंपन्या असंच मोजतात."

"मग सगळ्याच चोर."

आता या माणसापुढे कुणी डोकं फोडायचं? पुतणीने फोडून पाहिलं. रोज उचलून न्यायचाय, बॅगेत मावायला हवा, मोठा नकोच आहे, सगळं सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. "चौदा हवा ना? मग इंचभर जास्तच असू दे," म्हणत काका एकेका लॅपटॉपला टेप लावत गेले आणि जो आडवा पंधरा भरला तिथे थांबले. तो सतरा इंची होता. चार्जर धरून साडेतीन किलो.

"हा खरा पंधरा," म्हणाले, आणि खोकं बांधायला लावलं.

दुकानातल्या मुलीला पुतणीची दया आली. पिशवी देताना ती हळूच म्हणाली, "सात दिवसांत बदलून मिळेल. फक्त ओरखडा उमटू देऊ नकोस." पुतणीने लॅपटॉपवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. सहाव्या दिवशी बोट बंदराला लागली, बाबांचा फोन लागला. "बदलून घे खुशाल," ते म्हणाले, "काकाला मी समजावतो." सातव्या दिवशी दुपारी वॉर्डातलं काम उरकून ती धावतपळत घरी आली.

काका टेबलाशी हात पुसत उभे होते. लॅपटॉपच्या स्क्रीनभोवती सोनेरी नक्षीची लाकडी चौकट. कोपरे काटकोनात, सांधा दिसेल तर शपथ. आणि लावलेला गोंद आरशांचा. तो सुटत नाही, काच फुटते. लॅपटॉप आता मिटतही नव्हता.

"कडा उघड्याच ठेवल्या होत्या," काका म्हणाले. "फिनिशिंग म्हणून काही माहीत नाही या लोकांना. बघ, आता कसा भारदस्त दिसतो."

आपल्याला रडू येईल असं पुतणीला वाटलं. आलं नाही. आली ती नुसती किळस, त्या टेपची, त्या गोंदाची आणि त्या तीस वर्षांची.

"काका, माझ्या बॅगेचं माप घेतलं होतं का?"

काकांनी खरंच टेप काढला. बॅगेला आडवा लावला, चष्मा सारखा केला.

"तेरा. लहान आहे गं तुझी बॅग."

"हो ना. चूक बॅगेचीच." तिने त्याच बॅगेत दोन वह्या आणि पेन टाकलं, पट्टा खांद्यावर घेतला. बस सुटायला दहा मिनिटं होती. "आता मागे हूक ठोका आणि टांगा भिंतीवर. शोभेल."

ती गेली. काका भिंतीकडे वळले. लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून त्यांनी पहिल्यांदाच त्याचं वजन घेतलं.

"एका हुकाचं काम नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन लागतील."