पुढच्या महिन्याचं बक्षीसपत्र

“चायेत साखर घालूक काय स्टॅम्प ड्युटी पडता?” अप्पा कपात तोंड घालून पुटपुटले. मला ऐकू जाईल एवढंच.

माझ्या सासऱ्यांना साखर बंद, मीठ बंद, पाणीसुद्धा मापानं. डायलिसिस सुरू आहे. लालबागच्या आमच्या खोलीत त्यांच्या आजाराचं सगळं बोललं जातं, शेवटचं तेवढं सोडून.

गावची जमीन त्यांनी गिरणीच्या पैशातून स्वतः घेतलेली. ती मुलीला, अनुजाताईंना, द्यायची म्हणून वकिलाकडून बक्षीसपत्र लिहून आणलं. ताईंचे यजमान गेले, त्या माझगावला भाड्यानं राहतात. गावच्या त्या जमिनीवर दोन खोल्या बांधून राहायला जायचं त्यांच्या मनात आहे. पण मध्ये आमच्या ह्यांना पर्यटकांसाठी कॉटेजं काढायची हुक्की आली. अप्पांच्या सह्या घेऊन जमीन बिनशेती करून ठेवली. पर्यटक काही आले नाहीत. शेतजमीन राहिली असती तर मुलीच्या नावावर नाममात्र मुद्रांकात झाली असती. आता बाजारभावावर टक्के.

“ते टक्के भरायचेच कशाला?” हे म्हणाले. “सीए म्हणतो, मृत्युपत्र करा. ड्युटी नाही, टॅक्स नाही.”

“बक्षिसाक टॅक्स पडता?”

“बापानं मुलीला दिलं तर नाही. पण ड्युटी आहेच ना.”

“मी भरतंय. सोमवारी रजिस्ट्रारकडे चल.”

“सोमवारी डायलिसिस आहे, अप्पा. पुढच्या महिन्यात बघू.”

हा पुढचा महिना गणपतीपासून चालू होता.

अनुजाताई मोरीपाशी कोळंबी सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दादा म्हणतो तसं करा. उगाच खर्च.”

“बघा, तिला कळतं.”

माझा नवरा वाईट नाही. अप्पांना डायलिसिसला आत पाठवून बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसतो, त्यांच्या चपला पायाशी सांभाळत. परवा तिथूनच गावच्या जमिनीच्या एजंटला फोनवर सांगत होता, “जरा थांब, म्हाताऱ्याचं होऊन जाऊ दे.” मी डबा घेऊन मागे उभी होते.

अप्पांनी कप खाली ठेवला. लेकाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुका काय वाटता गो?”

हे माझ्याकडे बघत होते. ताईंचे हात थांबले.

“सोमवारचं डायलिसिस मंगळवारी घेऊ,” मी म्हटलं. “मृत्युपत्रावर राहू नका, अप्पा. तुम्ही गेल्यावर हे ताईंना जमीन देणार नाहीत.”